सात वर्षे आणि एक नोंद

विजयादशमीच्या पहाटे तुळजापूरची भवानी सीमोल्लंघन करते. बहुतेक देवस्थानांत मूर्ती अचल असते. तुळजापुरात ती चल आहे. बुऱ्हाणनगरहून आलेल्या पालखीत बसून देवी सिंहासन सोडते आणि सीमोल्लंघनानंतर अश्विनी पौर्णिमेपर्यंत पलंगावर तिची श्रमनिद्रा चालते. या दिवसांत, आणि एरवीही, दर्शनाच्या रांगेत लातूर-सोलापूरकडील कुटुंबांच्या शेजारी परदेशांत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे दिसू लागली आहेत. कुणाचा गोंधळ घालायचा राहिलेला असतो, कुणाला नव्या सुनेकडून देवीची ओटी भरवून घ्यायची असते. खिशात पारपत्र दुसऱ्या देशाचे असते. कुळाचे नाते मात्र होते तेथेच असते. 'मधली सात वर्षे तू कोठे होतास?' असे कुलदैवत कुणाला विचारीत नाही.

राज्यसंस्था विचारते. तेही सर्वांना नव्हे. जो जन्माने नागरिक आहे त्याला ती सहसा विचारीत नाही. ज्याने नागरिकत्व अर्ज करून, शपथ घेऊन मिळविले त्याला मात्र विचारते. मिळविलेले नागरिकत्व परदेशी राहून टिकते काय, हा प्रश्न आपल्याकडे फारसा चर्चिला गेलेला नाही. परदेशी नागरिक झालेल्या आपल्या मुलांच्या बाबतीत तो उद्भवतो, तसाच परदेशांतून येऊन आपल्यात मिसळून गेलेल्या माणसांच्या बाबतीतही उद्भवतो.

मुलकी आणि गैरमुलकी

तुळजापूरच्या जुन्या पिढीला या प्रश्नाची धग ठाऊक होती. सोलापूर येथून पंचेचाळीस किलोमीटरांच्या आसपास. दोन्हीकडे एकच भाषा, एकच दैवत, सोयरीकही एकमेकांत. तरी १९४८ पर्यंत सोलापूर हे मुंबई प्रांतात आणि तुळजापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात. संस्थानी नोकरीत शिरायचे तर मनुष्य 'मुलकी' असावा लागे. १९१९ च्या फर्मानाने आलेल्या या नियमांनुसार जन्माने मुलकी नसलेल्याला एक वाट ठेवली होती: पंधरा वर्षे संस्थानात कायम वास्तव्य करावे, आणि पूर्वीच्या ठिकाणी परत जाण्याचा विचार आपण सोडून दिला आहे असे प्रतिज्ञापत्र न्यायाधिकाऱ्यासमोर करून द्यावे. सोलापुरात वाढलेला शिक्षक तुळजापुरात नोकरी मागू लागला तर कागदोपत्री तो परका ठरे. मुलकीपण म्हणजे नागरिकत्व नव्हे, तो सेवेचा नियम होता, हे खरे. परंतु 'येथला कोण' हे राहण्याच्या वर्षांवरून आणि परत न जाण्याच्या वचनावरून ठरविण्याची ती रीत होती.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने नळदुर्गाकडे सरकले. तुळजापूर तालुक्यातला नळदुर्ग पहिल्याच दिवशी हाती आला आणि चार दिवसांत संस्थानाचा प्रश्न मिटला. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटनेच्या पाचव्या अनुच्छेदाने सोलापूरकर आणि तुळजापूरकर एकाच देशाचे नागरिक झाले. मुलकी नियमांचा वाद मात्र पुढे आंध्रात पेटला, सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९७३ मध्ये ते नियम रद्द करावे लागले. राहण्याच्या वर्षांवर माणसाचे आपलेपण मोजण्याचा परिणाम काय होतो, हे त्या आंदोलनांनी पुरेसे दाखविले आहे.

तथापि तोच विचार, उलट्या दिशेने, आपल्या नागरिकत्व कायद्यात अद्याप शिल्लक आहे. मुलकी नियम येथे किती वर्षे राहिलास हे मोजत असे. १९५५ च्या कायद्याचे दहावे कलम बाहेर किती वर्षे राहिलास हे मोजते.

कायदा काय म्हणतो

या कायद्यातील दोन कलमे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. नववे कलम सर्व नागरिकांना लागू आहे. भारतीय नागरिकाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. परंतु नुसते परदेशी राहिल्याने जन्मजात नागरिकाचे काहीही जात नाही. तो आखातात वीस वर्षे काम करील, तेथेच निवृत्त होईल. दुसरे नागरिकत्व घेतले नाही तोवर तो भारतीयच. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा अनिवासी नागरिकाला आपल्या गावच्या मतदार यादीत नावही घालता येते. मत द्यायला मात्र मतदान केंद्रावर स्वतः यावे लागते.

दहावे कलम वेगळ्या माणसांसाठी आहे. देशीयकरणाने, म्हणजे परकीयाने ठरावीक वास्तव्यानंतर अर्ज करून व शपथ घेऊन, जे नागरिक झाले ते त्याखाली येतात. भारतीय नागरिकाशी विवाह झाल्यावर नोंदणीने नागरिक झालेली परदेशी सून किंवा जावई येतो. १९५० मध्ये केवळ पाच वर्षांच्या वास्तव्याच्या आधारावर नागरिक ठरलेली माणसेही येतात. भारतीय वंशाच्या ज्या व्यक्ती येथे राहून नोंदणी करून घेतात त्यांना मात्र त्यातून वगळले आहे. म्हणजे मिळविलेल्या नागरिकत्वातही पुन्हा वंशाचा भेद आलाच.

अशा नागरिकाचे नागरिकत्व केंद्र सरकार पाच कारणांसाठी काढून घेऊ शकते. नागरिकत्व फसवणुकीने मिळविले असणे, राज्यघटनेशी द्रोह, युद्धकाळात शत्रूशी व्यवहार, आणि नागरिक झाल्यापासून पाच वर्षांच्या आत दोन वर्षे वा अधिक कैदेची शिक्षा होणे, ही पहिली चार. त्यांबद्दल मतभेद होऊ शकतील, पण निदान त्यांत काही दोषारोप आहे. पाचव्यात तोही नाही. सलग सात वर्षे सामान्यतः भारताबाहेर वास्तव्य केले, आणि त्या काळात परदेशी शिक्षणसंस्थेत विद्यार्थी नव्हता, भारतातील सरकारच्या किंवा भारत सदस्य असलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सेवेत नव्हता, आणि 'भारतीय नागरिकत्व ठेवण्याचा माझा इरादा आहे' अशी नोंद दरवर्षी भारतीय वाणिज्य दूतावासात केली नाही, एवढे पुरेसे आहे.

कलमाची बारकाई पाहण्यासारखी आहे. विद्यार्थ्याला सूट आहे, शिक्षकाला नाही. परदेशी विद्यापीठात जो शिकतो तो सुरक्षित आणि जो शिकवितो तो असुरक्षित, या भेदाचे समर्थन कसे करावे हे आमच्या शिक्षक-वाचकांनीच सांगावे. सरकारी सेवेत परदेशी गेलेल्याला सूट आहे, त्याच्याबरोबर गेलेल्या पत्नीचा शब्दशः उल्लेख नाही. आईवडिलांच्या आजारपणासाठी मायदेशी परतलेल्या सुनेला सूट नाही.

याहून मोठी विसंगती चौकशीच्या तरतुदीत आहे. नागरिकत्व काढण्यापूर्वी सरकारने कारण सांगणारी लेखी नोटीस दिली पाहिजे. त्यानंतर संबंधिताने अर्ज केल्यास प्रकरण चौकशी समितीकडे सोपविणे सरकारवर बंधनकारक आहे. निदान दहा वर्षे न्यायासनावर काम केलेली व्यक्ती तिची अध्यक्ष असते आणि आणखी दोन सदस्य असतात. पण हा हक्क पहिल्या चार कारणांपुरताच आहे. सात वर्षांच्या वास्तव्याचे कारण असेल तर समिती नेमायची की नाही हे सरकारच्या मर्जीवर आहे. शत्रूशी व्यापार केल्याचा आरोप असलेल्याला चौकशीचा हक्क. आणि ज्याच्यावर कसलाच आरोप नाही, जो केवळ एक अर्ज भरायला विसरला, त्याला तो नाही! हे कलम लिहिणाऱ्यांना बहुधा असे वाटले असावे की वास्तव्य हा साधा हिशेबाचा प्रश्न आहे, तारखा पाहिल्या की झाले, त्यात चौकशी कसली? परंतु 'सामान्यतः वास्तव्य' म्हणजे काय, मधल्या दोन भेटींनी सलगता तुटते की नाही, हे तारखांनी मिटणारे प्रश्न नाहीत.

एक संरक्षक तरतूद आहे, ती सांगितली पाहिजे. संबंधिताने नागरिक राहणे सार्वजनिक हिताचे नाही अशी खात्री झाल्याखेरीज केंद्र सरकारला नागरिकत्व काढता येत नाही. उच्च न्यायालयाचे दारही उघडे असतेच. म्हणून सात वर्षे भरताच नागरिकत्व आपोआप गळून पडते असा समज कुणी करून घेऊ नये. पण सार्वजनिक हित कशात आहे हे सरकार ठरविणार, आणि ज्याने ते पटवून द्यायचे तो मनुष्य बहुधा हजारो मैलांवर असणार.

कासेगाव आणि फलटण

हा प्रश्न कागदावरचा वाटू नये म्हणून महाराष्ट्रातील दोन नावे घेतो. गेल ऑम्व्हेट यांचा जन्म १९४१ मध्ये अमेरिकेत मिनिआपोलिस येथे झाला. पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवर त्यांनी प्रबंध लिहिला, भारत पाटणकर यांच्याशी विवाह केला, १९८३ मध्ये त्या भारतीय नागरिक झाल्या आणि सांगली जिल्ह्यातील कासेगावला राहिल्या. २५ ऑगस्ट २०२१ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. महात्मा फुल्यांच्या चळवळीचा अभ्यास आज त्यांच्या ग्रंथांना ओलांडून करता येत नाही. मॅक्सीन बर्नसन याही जन्माने अमेरिकन. फलटणच्या मराठी बोलीवर त्यांनी भाषाशास्त्राचे संशोधन केले, १९७८ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतले आणि प्रगत शिक्षण संस्थेद्वारे मुलांना वाचायला-लिहायला शिकविण्याचे काम उभे केले.

ऑम्व्हेटबाईंनी मधूनमधून परदेशी विद्यापीठांत अध्यापन केले आणि त्या परत आल्या. दहाव्या कलमाशी त्यांचा संबंध कधी आला नाही. परंतु समजा, त्यांना एखाद्या विद्यापीठाने सलग आठ वर्षांसाठी बोलाविले असते, आणि तेथे बसून त्या सत्यशोधक समाजावर शिकवीत राहिल्या असत्या. देशीयकरणाने असो वा विवाहानंतरच्या नोंदणीने असो, दोन्ही वाटांनी आलेला नागरिक या कलमाखाली येतो. त्याच विद्यापीठात शेजारच्या खोलीत शिकविणाऱ्या, साताऱ्यात जन्मलेल्या प्राध्यापकाला मात्र कुणी काही विचारले नसते, मग त्याने महाराष्ट्राकडे ढुंकूनही पाहिले नसले तरी. नाते कुणाचे घट्ट, हे कोणता हिशेब सांगणार?

येथे एक आक्षेप येईल व तो अगदीच पोकळ नाही. देशीयकरणासाठी अर्ज करणाऱ्याने पुढे भारतात राहण्याचा इरादा सांगितलेला असतो. कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातील ती एक पात्रता आहे. मग नागरिकत्व घेऊन तो लगेच निघून गेला तर राज्याने जाब विचारू नये काय? अवश्य विचारावा. परंतु इरादा मुळातच खोटा होता असे सिद्ध करता आले तर फसवणुकीचे पहिले कारण त्यासाठी आहेच, आणि तेथे चौकशी समितीही आहे. वीस वर्षे येथे राहून, येथली भाषा बोलून, मग सात वर्षे बाहेर राहावे लागलेल्या माणसाला त्याच फूटपट्टीने मोजणे हे त्या आक्षेपाने सिद्ध होत नाही.

कलम आले कोठून

हे कलम आपण घडविलेले नाही. १९४८ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्यात जवळजवळ याच शब्दांत ते होते: तीच सात वर्षे, तीच दूतावासातील वार्षिक नोंद. साम्राज्य मावळत असताना केलेल्या त्या कायद्यातून ते आपल्याकडे आले. ज्यांच्याकडून घेतले त्यांनी ते पुढे टाकून दिले. १९८१ च्या ब्रिटिश कायद्यात वास्तव्याचे कारण उरले नाही. आपल्याकडे त्याला सत्तर वर्षे होऊन गेली.

अमेरिकेत याहून कडक नियम होता. देशीयकृत नागरिक आपल्या मूळ देशात सलग तीन वर्षे राहिला की त्याचे नागरिकत्व जाई. आंगेलिका श्नायडर ही जर्मनीत जन्मलेली, लहानपणी अमेरिकेत आलेली आणि आईच्या नागरिकत्वामुळे अमेरिकन झालेली स्त्री जर्मन माणसाशी विवाह करून जर्मनीत राहू लागली, तेव्हा तिला पारपत्र नाकारले गेले. १९६४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो नियम घटनाबाह्य ठरविला. जन्मजात नागरिक बाहेर राहिला तर त्याच्या निष्ठेबद्दल शंका घेत नाही, मग देशीयकृत नागरिकांचा सबंध वर्गच कमी विश्वासाचा कसा मानता, असा त्या निकालाचा आशय आहे. म्हणूनच आज अमेरिकन नागरिक झालेला एखादा तुळजापूरकर निवृत्तीनंतर गावी येऊन दहा वर्षे राहिला, तरी त्या देशाचे त्याचे नागरिकत्व केवळ त्या कारणाने जात नाही.

त्या देशात हा प्रश्न आपल्याच देशातून गेलेले लोकही लढले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस 'गोरा' नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही असा निकाल दिला, आणि आधी नागरिक झालेल्या हिंदी लोकांचे नागरिकत्व परत घेण्याची मोहीम सुरू झाली. थिंड यांची बाजू मांडणारे वकील सखाराम गणेश पंडित हे स्वतः १९१४ मध्ये नागरिक झालेले होते. त्यांच्यावरही खटला आला. मला नागरिक करताना न्यायालयाने सर्व पाहून निर्णय दिला होता, त्या निर्णयावर विसंबून मी वकिली सुरू केली, संसार थाटला, आता तोच निर्णय उकरून काढता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने ते मान्य केले व पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज ऐकण्यास नकार दिला. मोहीम तेथे थंडावली. दिलेले नागरिकत्व सरकारच्या सोयीने सैल होत नाही, हे पंडितांनी आपल्यापुरते तरी मिळविले.

दुहेरी धोका

आयर्लंडमध्ये मात्र आपल्यासारखेच कलम आजही आहे. १९५६ च्या आयरिश कायद्यानुसार देशीयकृत नागरिक सात वर्षे सलग देशाबाहेर राहिला आणि त्याने नागरिकत्व ठेवण्याच्या इराद्याची वार्षिक नोंद केली नाही, तर ते काढून घेता येते. दोन फरक आहेत. आयरिश वंशाच्या किंवा संबंधाच्या व्यक्तींना त्यात वगळले आहे, हा भेद आपल्यासारखाच. दुसरा फरक चांगला आहे: 'वाजवी कारणाशिवाय' नोंद केली नसेल तर, असे शब्द त्या कायद्यात आहेत, आपल्या कलमात नाहीत. २०२० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व काढण्याची पद्धत पुरेशी स्वतंत्र व निःपक्षपाती नाही म्हणून अवैध ठरविली आणि तेथील सरकारला ती बदलावी लागली.

आयर्लंडच्या रुग्णालयांत आणि संगणक कंपन्यांत आपली पुष्कळ माणसे आहेत. समजा, धाराशिव जिल्ह्यातील एक अभियंता तेथे नागरिक झाला. त्याच क्षणी आपल्या नवव्या कलमाने त्याचे भारतीय नागरिकत्व संपले. त्याला परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून कार्ड मिळाले. २००५ च्या सुमारास आलेल्या या योजनेला आपल्याकडे कौतुकाने दुहेरी नागरिकत्व म्हणतात. ते तसे नाही. कार्डधारकाला मत नाही, घटनात्मक पद नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आता त्याचे वडील अंथरुणाला खिळले म्हणून तो तुळजापूरला परतला, कार्डावर राहिला, आणि सात वर्षांत एकदाही डब्लिनला नोंद पाठवायचे त्याच्या ध्यानात आले नाही. आयरिश नागरिकत्व काढण्यास कारण झाले. भारतीय नागरिकत्व पूर्वीच गेलेले. आणि कार्ड तर तो दुसऱ्या देशाचा नागरिक आहे या पायावर उभे. तो पायाच उरला नाही. आजारी वडिलांच्या उशाशी बसलेला हा मनुष्य कोणत्याच देशाचा नागरिक नाही, असे होऊ शकते.

ज्या मराठी कुटुंबांतील मुले आयर्लंडमध्ये नागरिक झाली आहेत त्यांनी ही वार्षिक नोंद विसरू नये, एवढे येथे स्पष्ट सांगणे इष्ट आहे. काम एका अर्जाचे आहे.

आपल्या दारी

परंतु परदेशी कायद्याला नावे ठेवताना आपले दहावे कलम झाकून चालणार नाही. या कलमाच्या कक्षेत येणाऱ्यांची संख्या वाढणार आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या काही धर्मीयांना पाच वर्षांच्या वास्तव्यावर देशीयकरण मिळण्याची सोय झाली, आणि मार्च २०२४ मध्ये तिचे नियम आले. त्या दुरुस्तीने धर्मावर केलेल्या निवडीबद्दल येथे लिहिण्याचे कारण नाही. पण तिच्याखाली ज्यांना देशीयकरणाचे प्रमाणपत्र मिळेल, त्यांचा एखादा मुलगा उद्या नोकरीसाठी दुबईला जाईल. शेजारच्या घरातला, येथे जन्मलेला मुलगाही जाईल. दोघे एकाच कंपनीत, एकाच खोलीत राहतील. सात वर्षांनी एकाला काही विचारले जाणार नाही. दुसऱ्याने दरवर्षी दूतावासात जाऊन 'मी अजून भारतीय राहू इच्छितो' असे लिहून दिले होते काय, हा प्रश्न उभा राहू शकेल. या नोंदीची गरज त्याला कधी, कुणी सांगितलेली असेल?

संसदेने हे पाचवे कारण काढूनच टाकावे, असे आमचे मत आहे. फसवणूक आणि द्रोह यांसाठी वेगळी कलमे असताना त्याची गरज उरत नाही. तेवढे धैर्य नसेल तर चौकशी समितीचा हक्क या कारणालाही लागू करावा व वाजवी कारणाची सूट शब्दांत घालावी. ही दुरुस्ती एका ओळीची आहे आणि तिला कोणत्याही पक्षाने विरोध करण्याचे कारण दिसत नाही. तोवर ज्याला नागरिकत्वाचे प्रमाणपत्र दिले जाते त्याच्या हाती त्याच वेळी दहाव्या कलमाची एक प्रत, वार्षिक नोंदीच्या अर्जाच्या नमुन्यासह द्यावी. देशीयकरणासाठी आठव्या अनुसूचीतील एखादी भाषा पुरेशी यावी लागते. अर्जदाराची ती भाषा मराठी असेल तर ही प्रत मराठीत छापून देण्यास काही अडचण नसावी.